विश्लेषण : मोबाइल गेममधील ‘लेव्हल’ आणि ‘एचपी’ आले कुठून? राक्षसांची यादी करणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांची गोष्ट

मोबाइलवर गेम खेळणाऱ्याला ‘लेव्हल’ वाढणे, ‘एचपी’ संपणे किंवा सुरुवातीला योद्धा की जादूगार हे निवडणे, यातले काही समजावून सांगावे लागत नाही. अहिल्यानगर-सोलापूर महामार्गावरील मिरजगावात एसटीची वाट पाहणारा विद्यार्थी असो की टोकियोतील, ही भाषा दोघांची एकच. पण ती मोबाइलवर जन्मली नाही. ५० वर्षांपूर्वी कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसलेल्या काही हौशी माणसांनी ती घडवली. त्यांच्यात सर्वात पुढे होते गॅरी गायगॅक्स. हा खेळ बाजारात येण्याच्या काही वर्षे आधी त्यांची नोकरी गेली होती आणि ते बूट दुरुस्त करून घर चालवत होते.

कोण होते गायगॅक्स?

गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिनवादक. ते मुलाला जादूगार आणि योद्ध्यांच्या गोष्टी सांगत. १९४६ मध्ये हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावात राहायला गेले. गॅरी यांना शाळेपेक्षा बुद्धिबळ आणि स्वस्त मासिकांतील अद्भुत कथांची गोडी अधिक. वडील गेल्यानंतर त्यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. पुढे त्यांनी विमा कंपनीत नोकरी धरली. जोखीम मोजण्याचे आणि कोष्टके वाचण्याचे हे काम होते. संध्याकाळी मात्र टेबलावर छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया नव्याने खेळण्याचा नाद. १९६८ मध्ये त्यांनी गावातील एक सभागृह ५० डॉलर भाड्याने घेऊन अशा खेळाडूंचे संमेलन भरवले. ‘जेन कॉन’ नावाने ते आजही भरते.

नोकरी गेली, खेळ आला?

१९७० मध्ये ती नोकरी गेली. घरात पत्नी आणि लहान मुले. गायगॅक्स यांनी बूट दुरुस्तीचे काम सुरू केले आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहिले. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासोबत त्यांनी ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन लढायांची नियमपुस्तिका काढली. तिच्या शेवटी ड्रॅगन आणि जादूगारांसाठी एक छोटी पुरवणी होती. शेजारच्या मिनेसोटा राज्यातील डेव्ह अर्नेसन यांनी ही पुस्तिका वापरत एक नवी गोष्ट केली. त्यांच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात प्रत्येकाकडे सैन्य नव्हते, एकच पात्र होते. ते पात्र किल्ल्याच्या तळघरात उतरे, जखमी होई, आणि वाचले तर पुढच्या वेळी अधिक अनुभवी होऊन परते. १९७२ मध्ये अर्नेसन यांनी हा खेळ लेक जिनिव्हात येऊन दाखवला. गायगॅक्स यांनी त्यांच्या टिपा मागवल्या आणि आपल्या मुलगा-मुलीला पहिले खेळाडू करून ‘ग्रेहॉक’ नावाचा स्वतःचा किल्ला रचला.

ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांनी बालमित्र डॉन के यांच्यासोबत ‘टीएसआर’ ही कंपनी काढली. जानेवारी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. तीन पुस्तिकांची पेटी, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. पेट्या हातानेच भरलेल्या. वर्षभरात त्या संपल्या.

खेळ नेमका कसा चालतो?

एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपले पात्र काय करेल ते सांगतात, आणि जमले की नाही हे फासा ठरवतो. सोंगट्या आणि पट नसला तरी चालते. कीर्तनकार कथा सांगता सांगता मध्येच थांबला आणि पुढे काय करायचे ते श्रोत्यांनाच ठरवायला सांगितले, तर जे होईल, तसा हा प्रकार. पात्राची ताकद, बुद्धी, चपळाई आणि सहनशक्ती आकड्यांत मांडलेली असते. मार खाल्ला की ‘हिट पॉइंट’ कमी होतात, म्हणजेच आजचे ‘एचपी’.

पात्रांचे वर्ग कसे ठरले?

पहिल्या पेटीत तीनच वर्ग होते : योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक. प्रत्येकाला एक बळ दिले आणि त्याबरोबर एक उणीवही. योद्धा चिलखत घालून मार सोसतो, पण त्याला मंत्र येत नाहीत. जादूगार अनेकांना एकदम लोळवू शकतो, पण त्याला चिलखत वर्ज्य आणि अंगात जीव कमी. शिवाय मंत्र एकदा वापरला की तो विसरतो. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून घेतली होती. धर्मोपदेशकाचा जन्म अर्नेसन यांच्या टेबलावर झाला. तिथे एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच बनून इतके बलवान झाले, की त्याला आवरायला भूत उतरवणारा कोणी तरी हवा होता. हा उपदेशक जखमा बऱ्या करतो, पण त्याने तलवार धरायची नाही. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील खेळाडूंच्या कल्पनेवरून चोर आला. तो कुलपे उघडतो, सापळे ओळखतो. समोरासमोरच्या लढाईत मात्र कच्चा.

या रचनेमुळे एकट्याने पुढे जाणे अवघड होते. चौघांनी एकमेकांची उणीव भरून काढली, तरच तळघरातून परत येता येते.

राक्षस कसे घडवले?

१९७७ मध्ये गायगॅक्स यांचे ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ आले. त्यात साडेतीनशेहून अधिक प्राणी आणि राक्षस होते. प्रत्येकाची नोंद ठरावीक रकान्यांत : किती दुर्मीळ, एका वेळी किती भेटतात, किती वेगाने धावतात, किती मार सोसतात, अक्कल किती, खजिना कोणता.

पण आकड्यांपेक्षा महत्त्वाचे होते ते हे, की राक्षस कोणाकडून काय हिरावून घेतो. स्वस्त दुकानातील प्लास्टिकच्या एका विचित्र खेळण्यावरून त्यांनी लोखंडाला गंज चढवून ते खाणारा प्राणी बनवला. तो कोणाला फारसे चावत नाही, पण योद्ध्याच्या चिलखताचा भुगा करतो. म्हणजे सर्वात निर्भय पात्रच त्याला सर्वाधिक घाबरते. त्याच खेळण्यांमधून घुबडाच्या तोंडाचे अस्वल निघाले. तळघरातील बोळ साधारण १० फूट रुंद, म्हणून १० फुटांचाच पारदर्शक, चिकट चौकोनी ठोकळा आला. तो बोळ झाडत येतो आणि निसटायला जागा ठेवत नाही. खजिन्याच्या पेटीचे सोंग घेणारा प्राणी खेळाडूच्या लोभावर टपलेला असतो.

उसनवारीही पुष्कळ होती. टॉल्किन यांच्या कादंबऱ्यांतील ‘हॉबिट’ सुरुवातीला नावासकट घेतले होते. हक्कदारांनी आक्षेप घेतल्यावर १९७७ मध्ये ते नाव बदलून ‘हाफलिंग’ करावे लागले.

आपला राक्षस तिथे कसा पोहोचला?

‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ‘राक्षस’ याच नावाचा एक जीव आहे. वाघाचे तोंड, अंगात उंची कपडे, हातात पाइप. तो समोरच्याच्या विश्वासातील माणसाचे रूप घेतो आणि मंतरलेल्या बाणाने मरतो. गायगॅक्स यांनी तो रामायणावरून घेतला नव्हता. ‘कोलचॅक’ या अमेरिकी भयमालिकेच्या १९७४ मधील एका भागात असा राक्षस होता, तिथून तो आला. वाघाचे डोके मात्र खेळातले. तरी मारीचाचे सोनेरी हरीण आणि भिक्षुकाच्या वेशातला रावण ज्यांना माहीत आहे, त्यांना त्याची रूप पालटण्याची खोड ओळखीचीच वाटेल.

मग कंपनी हातातून कशी गेली?

जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हृदयविकाराने गेले. कंपनीत नवे भागीदार आले आणि हळूहळू त्यांच्याकडे अधिक हिस्सा गेला. अर्नेसन यांच्याशीही बिनसले. श्रेय आणि मानधनासाठी त्यांनी १९७९ मध्ये दावा लावला, तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. त्याच काळात हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो, अशी ओरड अमेरिकेत सुरू झाली. गायगॅक्स यांना दूरचित्रवाणीवर बाजू मांडावी लागली. विक्री वाढत होती, कर्जही वाढत होते. खेळावरील कार्टून मालिकेसाठी ते हॉलिवूडमध्ये असताना कंपनी अडचणीत आली. १९८५ मध्ये भागीदारांनी आपले समभाग दुसऱ्या व्यवस्थापकाला विकले आणि गायगॅक्स यांचे अध्यक्षपद गेले. पुढच्या वर्षी त्यांनी कंपनीच सोडली. स्वतः रचलेल्या खेळाचे हक्क त्यांच्याकडे उरले नाहीत.

एकट्याचे भागत नाही असा खेळ रचणाऱ्या या माणसाला स्वतःच्या कंपनीत हिशेब सांभाळणारा भरवशाचा सोबती राखता आला नाही. ४ मार्च २००८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, लेक जिनिव्हातील घरी त्यांचे निधन झाले. अर्नेसन पुढच्याच वर्षी गेले.

मराठी भुतांना या खेळात जागा आहे का?

भरपूर. गायगॅक्स यांचे रकाने घेऊन बसले, तर आजीच्या गोष्टींतील भुते जवळजवळ तयारच सापडतात. मुंजा पिंपळ सोडत नाही, म्हणजे त्याची हद्द ठरलेली. वेताळ अमावास्येला पालखी घेऊन निघतो, म्हणजे वेळ ठरलेली. हडळ सुंदर रूप घेते, पण पावले उलटी, म्हणजे ओळखण्याची खूण ठरलेली. आणि चकवा तर गायगॅक्स यांनाही आवडला असता. तो कोणाला मारत नाही, फक्त वाट हिरावून घेतो. रात्री शिवारातून जाणारा माणूस पहाटेपर्यंत एकाच बांधाभोवती फिरत राहतो. तिथे योद्ध्याची तलवार निरुपयोगी. रस्ता ओळखणारा गुराखी सोबत असेल, तरच सुटका. असा गुराखी हा वर्ग अजून कोणत्याही पेटीत नाही. तो तयार करायला एक वही, पेन्सिल आणि चार मित्र पुरेसे आहेत.