डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि मिरगीची ओळख



डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबईत झाले. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात कोटणीस होते आणि आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकरही होते.

कोटणीस युद्धभूमीजवळ जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत. चिनी भाषा शिकून ते तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी गुओ छिंगलान यांच्याशी विवाह झाला. पुढे मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

चीनमध्येच त्यांना मिरगीचे झटके येऊ लागले. तरी शिकवणं, शस्त्रक्रिया आणि पुस्तक लिहिणं चालूच होतं. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांमुळेच त्यांचे निधन झाले. वय फक्त ३२. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

हे चरित्र वर्गात सांगताना मिरगी हा शब्द गाळू नका. आपल्याकडे अजूनही कुणी याला बाहेरची बाधा म्हणतं, कुणी मुलाची शाळाच बंद करतं. मिरगी हा मेंदूचा आजार आहे. आज त्यावर औषधे आहेत आणि बहुतेक मुलं नियमित शिकू शकतात.

बुलढाण्याच्या उन्हात परिपाठाला मूल पडलं, तर ती साधी घेरी की मिरगी? तीन गोष्टी बघा.

पडण्याआधी : खूप वेळ उभं राहणं, ऊन, उपाशीपोट, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा पांढरा पडणे, या घेरीच्या खुणा.

पडल्यावर : घेरीत अंग ढिलं पडतं. मिरगीत बहुधा अंग ताठ होतं, हातपाय लयीत झटकतात, जीभ बाजूने चावली जाते. घेरीतही क्षणभर झटके येऊ शकतात, म्हणून एकाच खुणेवर ठरवू नका.

नंतर : घेरीतून मूल लवकर भानावर येतं. मिरगीनंतर बराच वेळ गोंधळलेलं, झोपाळलेलं राहतं.

पळताना किंवा खेळताना अचानक पडलं, छातीत धडधड झाली किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर हृदयाची तपासणी लगेच करून घ्या.

झटके आले तर मुलाला धरून ठेवू नका. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. चप्पल, कांदा हुंगवू नका. झटके थांबताच कुशीवर वळवा. घड्याळ बघा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर १०८ ला फोन करा. पहिलाच झटका असेल तर तो थांबल्यावरही दवाखान्यात न्या.

जे पाहिलं ते वेळेसह कागदावर लिहून पालकांकडे द्या. डॉक्टर तिथे नसतात, आपण असतो. निदान त्यांनी करायचं, पण खुणा आपणच सांगू शकतो.