मुलाच्या नावाने विकलेली 'स्वस्त' फेरारी

महागड्या स्पोर्ट्स कार बनवणारी कंपनी जरा कमी किमतीची गाडी काढायला निघाली की मालकाच्या पोटात गोळा येतो. गिऱ्हाईक वाढेल, पण नाव उतरलं तर? बी.कॉम.ला आम्ही गुडविलचे हिशेब सोडवले, ताळेबंदात त्याचा आकडाही मांडला. पण त्या गुडविलची खरी धास्ती बघायची असेल तर एन्झो फेरारी या माणसाचं आयुष्य बघावं.

१८९८ साली इटलीतल्या मोडेना गावात त्यांचा जन्म झाला. वडिलांचं लोखंडकामाचं वर्कशॉप होतं. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत वाढलेल्या कुणालाही ते वातावरण ओळखीचं वाटेल. १९१६ मध्ये वडील गेले, त्याच वर्षी थोरला भाऊही गेला आणि वर्कशॉप बंद पडलं. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेलेल्या एन्झोंच्या वाट्याला काम आलं ते खेचरांना नाल ठोकण्याचं. युद्ध संपल्यावर तुरीनला जाऊन त्यांनी फियाटकडे नोकरी मागितली, पण तिथे नकार मिळाला. हीच ती फियाट, जिची ११०० पुढे मुंबईत कुर्ल्याला बनायची आणि प्रीमियर पद्मिनी म्हणून आपल्या दारात आली. तो नकार ते जन्मभर विसरले नाहीत.

मग अल्फा रोमिओसाठी शर्यती, १९२९ मध्ये स्वतःची रेसिंग टीम, १९३९ मध्ये अल्फाशी काडीमोड आणि १९४७ मध्ये मारानेल्लो गावातून स्वतःच्या नावाची पहिली गाडी. एक गोष्ट लक्षात घ्या, रस्त्यावरच्या गाड्या हा त्यांचा छंद नव्हता. श्रीमंतांना गाड्या विकायच्या त्या शर्यतींचा खर्च भागवण्यासाठी. फेरारी म्हणजे बारा सिलिंडर, हे समीकरण त्यांनी डोक्यात पक्कं केलं होतं.

थोरल्या मुलाचं नाव आल्फ्रेडो, पण घरात सगळे त्याला डिनो म्हणत. पोराला इंजिनिअरिंगची आवड होती. पण स्नायू झिजत जाणाऱ्या आजाराने ३० जून १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी तो गेला. सहा सिलिंडरच्या छोट्या रेसिंग इंजिनाची कल्पना आजारपणात त्याचीच, असं फेरारी सांगत. खरं श्रेय अनुभवी डिझायनर व्हित्तोरिओ यानो यांचं किती, यावर जाणकार आजही वाद घालतात. नाव मात्र डिनोचं पडलं. बाप पुढे कित्येक वर्षं रोज मुलाच्या थडग्यावर जात होता.

छोट्या गाडीचा एक प्रयोग आधीच झाला होता. साधारण हजार सीसीची एक गाडी त्यांच्या इंजिनिअरांनी तयार केली, १९६१ मध्ये ती लोकांसमोरही आली. पण तिला फेरारी नाव दिलं नाही. हक्क मिलानच्या एका उद्योजक घराण्याला देऊन टाकले. त्या जेमतेम शंभरेक बनल्या.

खरी वेळ आली ती नियमामुळे. १९६७ पासून फॉर्म्युला टूमध्ये इंजिन अशाच गाडीचं हवं, जिच्या बारा महिन्यांत ५०० तरी बनल्या असतील. फेरारींच्या सगळ्या मॉडेल मिळून वर्षाला सहा-सातशे गाड्या निघत. एकाच मॉडेलच्या पाचशे कुठून आणायच्या? शेवटी गेले कुणाकडे, तर फियाटकडे! इंजिन फियाटने बनवायचं आणि आपल्याही गाडीत बसवायचं, असं ठरलं. तेच इंजिन मारानेल्लोच्या गाडीत सीटच्या मागे आडवं बसलं. नाव डिनो २०६ : दोन लिटर, सहा सिलिंडर. १९६९ मध्ये २४६ आली. तिच्या इंजिनाची क्षमता वाढली आणि बॉडी ॲल्युमिनियमऐवजी बहुतांशी पोलादाची झाली.

ही गाडी पोर्शे ९११ च्या गिऱ्हाइकाला डोळ्यासमोर ठेवून आणली होती. म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी स्वस्त नव्हेच, फक्त बारा सिलिंडरवालीपेक्षा बरीच कमी. गंमत अशी की गाडीवर ना फेरारी हे नाव, ना उधळलेला घोडा. पिवळ्या पट्टीवर निळ्या अक्षरात फक्त डिनो. जाहिरातीच्या पत्रकातसुद्धा जवळजवळ फेरारी असंच म्हटलं होतं. मुलावरची माया की नाव राखण्याचा हिशेब? माझ्या मते दोन्ही, आणि त्यांच्या डोक्यात दोन्ही वेगळं नसावंच. स्वस्त गाडीला आपलं नाव द्यायला जीव धजत नव्हता. पण दुसरं नाव दिलं ते काळजाच्या तुकड्याचं!

२४६ च्या पाच वर्षांत साधारण ३,७०० गाड्या गेल्या, फेरारीच्या मानाने मोठाच आकडा. त्याच १९६९ मध्ये फियाटने कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला. शर्यतींचा कारभार मात्र एन्झोंनी हातात ठेवला. त्याच मुद्द्यावर १९६३ मध्ये फोर्डशी होत आलेला सौदा त्यांनी मोडला होता.

१९७३ मध्ये आठ सिलिंडरची ३०८ जीटी४ आली, तीही डिनो म्हणूनच. पण गिऱ्हाईक शेवटी गिऱ्हाईक. एवढे पैसे मोजून घोडा नाही? अमेरिकेत तर ती फारशी खपेना. १९७६ मध्ये तिच्यावर फेरारीचं नाव आणि घोडा लागला, डिनोचं नाव गेलं. त्याआधीच, १९७५ मध्ये आलेली ३०८ जीटीबी पहिल्या दिवसापासून फेरारी होती. बारा सिलिंडरची अट खुद्द मालकालाच सोडावी लागली.

१४ ऑगस्ट १९८८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी एन्झो फेरारी गेले. इमोलाच्या रेस ट्रॅकला १९७० पासून डिनोचं नाव होतं. बाप गेल्यावर त्या नावाच्या आधी त्याचंही नाव जोडलं गेलं.