पोटाच्या दुखण्यानं छळलेले गांधीजी: एनिमानं काय साधलं, कुठे डॉक्टर लागले?

महात्मा गांधी म्हटलं की चरखा, मिठाचा सत्याग्रह आणि उपवास डोळ्यांसमोर येतात. पण या माणसाला एका अगदी घरगुती तक्रारीनंही छळलं होतं. ती म्हणजे पोट साफ न होणं. यावर त्यांनी जे उपाय केले त्यात एनिमाही होता. गांधीजी घ्यायचे म्हणून आपणही रोज एनिमा घ्यावा का? त्यांच्याच आयुष्यात याचं बरंचसं उत्तर सापडतं.

जोहान्सबर्गमधले वकीलसाहेब

१९०३ नंतर गांधीजी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला वकिली करत होते. या काळात त्यांना बद्धकोष्ठता आणि डोकेदुखीचा त्रास सुरू झाला. अधूनमधून जुलाबाचं औषध घ्यायचं आणि काम रेटायचं, असं चाललं होतं. हे औषध सुटणार कधी, ही चिंता त्यांच्या मनात होती. दिवसातून तीन वेळा भरपेट जेवण आणि दुपारचा चहा, हा आपला आहार जास्त होतोय हे त्यांनी स्वतःच कबूल केलं आहे.

मँचेस्टरमध्ये न्याहारी सोडणाऱ्यांची एक संघटना निघाल्याचं त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी सकाळचं खाणं बंद केलं आणि डोकेदुखी गेली. बद्धकोष्ठता मात्र राहिली. मग लुई कुने या जर्मन उपचारकानं सांगितलेलं कटिस्नान, म्हणजे टबमध्ये कंबर पाण्यात बुडवून बसणं, करून पाहिलं. त्यानं थोडा आराम पडला. पुढे अ‍ॅडॉल्फ जुस्टचं निसर्गोपचारावरचं पुस्तक हाती आलं आणि ते रात्री पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधू लागले. त्यानं आपण बरे झालो असं त्यांचं मत होतं. आजच्या वैद्यकशास्त्रात मातीच्या पट्टीला ठोस आधार नाही. त्याच काळात त्यांनी खाणंही कमी केलं होतं आणि ते भरपूर चालत होते, हे विसरून चालणार नाही.

उपवास आणि एनिमा

१९२५ च्या अखेरीस साबरमती आश्रमात गांधीजींनी सात दिवसांचा उपवास केला. त्यानंतर ‘यंग इंडिया’मध्ये त्यांनी उपवास करणाऱ्यांसाठी काही नियम लिहिले. शक्ती जपा, भरपूर पाणी प्या, उघड्यावर झोपा, सकाळचं ऊन घ्या आणि नियमित एनिमा घ्या, असे ते नियम होते. पोटात अन्न जात नसलं की आतड्यांची हालचाल मंदावते आणि आधीचा मळ आत साचून राहतो, म्हणून हा सल्ला. पुढेही त्यांच्या उपचारांत एनिमाला जागा राहिली. आश्रमातल्या आजाऱ्यांनाही ते तो सुचवत.

एनिमाचं काम सोपं आहे. माणूस डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपतो आणि गुदद्वारातून कोमट पाणी हळूहळू आत सोडलं जातं. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग ताणला जातो, घट्ट मळ मऊ होतो आणि थोड्याच वेळात शौचाची भावना होते. पण परिणाम तेवढाच. मळ कडक का झाला, याचं उत्तर एनिमा देत नाही.

माथेरानची वेदना

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींना आमांश झाला. दिवसाला तीस-चाळीस वेळा शौचाला जावं लागत होतं, तरी औषध नको हा हट्ट. ते मरणाच्या दारात पोचले. त्यातून सावरण्यासाठी त्यांना माथेरानला नेलं, पण तिथलं पाणी जड निघालं. आमांशामुळे गुदमार्ग नाजूक झाला होता, त्याला चिरा पडल्या होत्या. शौचाच्या वेळी इतक्या वेदना होत की जेवणाचीच धास्ती वाटू लागली. आठवड्याच्या आत त्यांनी माथेरान सोडलं.

मुंबईत डॉ. दलाल यांनी तपासलं आणि दूध घ्यायला सांगितलं. गांधीजींनी तर दूध न पिण्याचं व्रत घेतलेलं. कस्तुरबांनी बकरीच्या दुधाचा मार्ग सुचवला. त्यानंतर डॉ. दलाल यांनी चिरांवर शस्त्रक्रिया केली. व्रताचा आत्मा आपण मोडला, ही खंत गांधीजींना पुढे राहिली. पण इथे त्यांना आराम मिळाला तो डॉक्टरांच्या हातून.

ससूनमधली रात्र

जानेवारी १९२४. येरवडा तुरुंगात गांधीजींच्या पोटात दुखू लागलं. निदान झालं, अपेंडिसायटिस. १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. ती चालू असताना वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं.

एनिमाच्या बाबतीत ही घटना महत्त्वाची आहे. पोट दुखतंय, शौचाला होत नाही, म्हणजे बद्धकोष्ठताच, असं समजून अनेक जण घरीच एनिमा किंवा जुलाब घेतात. दुखणं अपेंडिक्सचं असेल तर ते फुटण्याचा धोका वाढतो.

मग एनिमा कधी?

१९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केलं. आहार, पाणी, मोकळी हवा आणि व्यायाम यांवर त्यांचा भर अखेरपर्यंत राहिला. बद्धकोष्ठतेवर आजचे डॉक्टरही आधी हेच सांगतात: चोथायुक्त आहार, पुरेसं पाणी, चालणं आणि शौचाची भावना न दाबणं.

काही दिवस पोट अडलंय आणि या उपायांनी फरक पडत नाही, तर डॉक्टरांना विचारून एखाद्या वेळी एनिमा घ्यायला हरकत नाही. साबणाचं पाणी टाळावं, त्यानं आतड्याच्या अस्तराचा दाह होतो. दुकानात मिळणारा फॉस्फेट एनिमा वृद्धांना आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना घातक ठरू शकतो. वारंवार एनिमा घेतल्यास शरीरातल्या क्षारांचं प्रमाण बिघडतं.

पोटात जोराची कळ, उलट्या, ताप, फुगलेलं पोट किंवा शौचातून रक्त, यांपैकी काही असेल तर एनिमाचं भांडं बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा.