राजकृपेचे मोल
८ डिसेंबर १७९३ रोजी पॅरिसमध्ये मादाम द्यु बारी हिचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. शिवणकाम करणाऱ्या एका गरीब स्त्रीची ही अनौरस मुलगी १७४३ साली जन्मली. पॅरिसमध्ये ती टोप्या-फितींच्या दुकानात कामाला होती. पुढे पंधराव्या लुईची मर्जी बसली. परंतु दरबारात प्रवेशास कुळ हवे! म्हणून १७६८ साली नाममात्र विवाह लावून तिला सरदारपत्नी करण्यात आले. जन्माचा खोटा दाखलाही सिद्ध झाला. १७६९ साली व्हर्सायचे दरवाजे उघडले. १७७४ साली राजा देवीच्या रोगाने निवर्तला आणि तिची रवानगी मठात झाली.

तिच्या चारित्र्यावर बोट ठेवणे सोपे आहे. परंतु राजाच्या मर्जीवाचून गरीब मुलीला वर येण्याची वाट नसावी, हा दोष आम्ही त्या राजवटीचा मानतो. मात्र दारिद्र्यातून आलेल्या या स्त्रीनेही बंगालमधून आणलेल्या झमोर नावाच्या मुलाला आपल्या वैभवाचे शोभेचे खेळणे केले. क्रांतीनंतर न्यायासनापुढे त्यानेच तिच्याविरुद्ध साक्ष दिली. कृपेने एखादा वर चढतो, पण खालच्यांचे जिणे तसेच राहते. म्हणून लोकांना कृपा नको, हक्क हवा, असे आम्हांस वाटते.