छत्रपती शाहू महाराज (सातारा)

छत्रपती शाहू महाराज (१८ मे १६८२ – १५ डिसेंबर १७४९) हे मराठा साम्राज्याचे पाचवे छत्रपती होते. ते छत्रपती संभाजी महाराज व महाराणी येसूबाई यांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे नातू होत. त्यांच्या कारकिर्दीत मराठी सत्ता उत्तर हिंदुस्थानात पसरली. शिकारीची आवड आणि खंड्या नावाच्या कुत्र्यावरील लोभ यांसाठीही ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

१६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला, तेव्हा सात वर्षांचे शाहू मातेसह कैद झाले. पुढील सुमारे अठरा वर्षे त्यांनी औरंगजेबाच्या छावणीत काढली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये त्यांची सुटका झाली. खेडच्या लढाईत महाराणी ताराबाईंच्या सैन्याचा पराभव केल्यावर १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला.

कारकीर्द

शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांना व १७२० मध्ये पहिल्या बाजीरावांना पेशवेपद दिले. १७१९ मध्ये मोगल बादशहाकडून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. नांदेड व लातूरसह आजचा मराठवाडा याच सुभ्यांत मोडत असे. त्याच वर्षी येसूबाईंचीही सुटका झाली.

खंड्या

आख्यायिकेनुसार एका शिकारीत दबा धरून बसलेल्या वाघाची चाहूल खंड्याला आधी लागली. त्याच्या भुंकण्यामुळे महाराज सावध झाले व त्यांचे प्राण वाचले. या उपकाराची जाण ठेवून त्यांनी खंड्याला जहागीर व पालखीचा मान दिला.

अशा प्रसंगी कुत्रा भुंकण्यापूर्वीच शरीराने इशारा देत असतो. माणसापेक्षा कितीतरी तीव्र असलेल्या घ्राणेंद्रियामुळे त्याला लपलेल्या प्राण्याचा सुगावा लवकर लागतो. तो एकाएकी थबकतो, अंग ताठ करतो, कान पुढे रोखतो व नजर एका जागी खिळवतो; मानेवरील व पाठीवरील केस उभे राहतात. घाबरलेला कुत्रा मात्र कान मागे पाडतो, अंग चोरतो व शेपूट पायांत घालतो. शेपूट हलणे म्हणजे नेहमीच आनंद नव्हे. उंच व ताठ शेपटीची जलद हालचाल उत्तेजना किंवा आक्रमकता दर्शवू शकते. म्हणून एकाच अवयवाकडे न पाहता संपूर्ण शरीर व भोवतालची परिस्थिती पाहून अर्थ लावावा लागतो. लातूर परिसरात कारवान व पश्मी ही शिकारी कुत्री आजही पाळली जातात.

भर दरबारातील प्रसंग

महाराजांनी एकदा खंड्याला जरीची वस्त्रे व जडजवाहीर घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, असे सांगतात. स्कॉटिश इतिहासकार जेम्स ग्रँट डफ यांनी हे कृत्य बुद्धिभ्रंशाचे लक्षण मानले. मराठी आख्यायिकेत मात्र त्याचा अर्थ वेगळा आहे: दागिन्यांचा डौल मिरवणाऱ्या सरदाराला त्यातील पोकळपणा कळावा म्हणून महाराजांनी ते अलंकार कुत्र्याला घातले व स्वतः साध्या वेषात बसले. या घटनेनंतर त्यांनी डोक्यावर पगडी घातली नाही, असेही डफ नोंदवतात. कृत्य एकच असले तरी ते पाहणाऱ्यांनी त्याचे अगदी विरुद्ध अर्थ लावले आहेत.

निधन

१५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास शाहू महाराजांचे निधन झाले. त्यांना औरस पुत्र नसल्याने दत्तक घेतलेले रामराजे गादीवर आले. साताऱ्याजवळ कृष्णा व वेण्णा नद्यांच्या संगमावरील संगम माहुली येथे शाहू महाराजांची समाधी असून तेथेच खंड्याचेही स्मारक आहे.