रिपोर्टवरचे नाव : डॉ. विडाल

मी कला शाखेची विद्यार्थिनी. जंतुशास्त्राशी माझी ओळख झाली ती अंथरुणावर! गेल्या वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर ताप आला, तो सहा दिवस उतरेना. रक्त तपासले. वडिलांनी आणलेल्या रिपोर्टवर ‘विडाल’ असे लिहिले होते. आईला वाटले, ते प्रयोगशाळेच्या मालकाचे आडनाव. मला वाटले, रोगाचे. बरी झाल्यावर ग्रंथालयात बसून मी या गृहस्थांचा शोध घेतला.

फर्नांद विडाल यांचा जन्म १८६२ साली अल्जीरियातील देलिस या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. वैद्यकीचे शिक्षण पॅरिसला झाले. १८८८ मध्ये शांतमेस या सहकाऱ्यासह त्यांनी दाखवून दिले, की विषमज्वराचे मारलेले जंतू टोचले तर उंदरांना त्या रोगापासून संरक्षण मिळते.

हा जंतू भारी चळवळ्या. त्याच्या अंगावर लांब धाग्यांसारख्या कशाभिका असतात. त्या मळसूत्राप्रमाणे गरगर फिरवून तो पोहतो. रोगप्रतिबंधक केलेल्या प्राण्यांच्या रक्तातील सीरममुळे असे जंतू एकमेकांना चिकटतात, हे १८९६ मध्ये व्हिएन्नात ग्रुबर आणि डरहॅम यांनी दाखवले होते. ती रोगावर मात केल्याची खूण मानली जाई. विडाल यांनी नेमका उलटा विचार केला. रोगी तापाने फणफणत असतानाच ही खूण रक्तात उमटते, हे त्यांनी जून १८९६ मध्ये मांडले. रोग्याच्या सीरमचा थेंब पडताच सैरावैरा धावणारे जंतू गठ्ठे करून थबकतात. रोग्याचे रक्तच साक्ष देते!

रिपोर्टवरचे ‘ओ’ म्हणजे जंतूच्या अंगावरचे आवरण आणि ‘एच’ म्हणजे कशाभिका, हेही मला तेव्हाच कळले. कशाभिका घडवून ती फिरवायला पन्नासहून अधिक जनुके राबतात. या जंतूच्या काही भाऊबंदांजवळ कशाभिकेच्या प्रथिनाची दोन जनुके असतात. ते आलटून पालटून वेष बदलतात. विषमज्वराच्या जंतूजवळ मात्र बहुधा एकच वेष असतो.

ही चाचणी निर्दोष मात्र नाही. जेथे विषमज्वर नेहमीचा, तेथे निरोग्यांच्या रक्तातही ती खूण सापडते. म्हणूनच आमच्या डॉक्टरांनी केवळ त्या कागदावर न विसंबता रक्तातील जंतू वाढवून पाहिले. तेव्हा त्यांचा उशीर मला खटकला होता. आज त्याचे मोल कळते.

आणखी एक गोष्ट वाचून मी थक्क झाले. मूत्रपिंडाच्या विकारात शरीरात मीठ साठून सूज येते, हे दाखवून अळणी आहाराचा मार्ग घालून देणारेही विडालच! आमचे आजोबा गेली चार वर्षे कुरकुरत अळणी भाजी खातात. १९२९ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये निवर्तलेला हा माणूस आमच्या घरात असा दोनदा येऊन गेला, आणि आम्ही त्याला साधे ओळखलेही नाही.

आजोबांना ही हकीकत मी वाचून दाखवली. त्या रात्री ते मुकाट्याने जेवले.