शिल्पकार बार्बरा हेपवर्थ

समुद्राच्या लाटांनीं गुळगुळीत केलेला गोटा मुलें कौतुकानें खिशांत घालतात, व दोन दिवसांनीं विसरून जातात. परंतु अशा दगडगोट्यांकडे व टेकड्यांकडे जन्मभर टक लावून पाहणाऱ्या एका इंग्रज स्त्रीनें शिल्पकलेस नवें वळण लाविलें. तिचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

बार्बरा हेपवर्थ ह्यांचा जन्म यॉर्कशायरमधील वेकफील्ड येथें १० जानेवारी १९०३ रोजीं झाला. त्यांचे वडील काउंटी कौन्सिलच्या नोकरींत इंजिनियर होते. रस्त्यांच्या पाहणीस ते मोटारींतून निघत व मुलीस बरोबर घेत. गिरण्यांच्या धुरकट वस्त्या मागें पडून मोकळ्या टेकड्या लागल्या, कीं ते चढउतार म्हणजे कोणीं घडविलेलीं प्रचंड शिल्पेंच आहेत, असें त्या मुलीस वाटे. पुढील साऱ्या कार्याचें बीज येथेंच पडलें.

१९२० सालीं त्या लीड्सच्या कलाशाळेंत दाखल झाल्या. मागाहून कीर्तीस चढलेले हेन्री मूर हे तेथें त्यांचे सहाध्यायी होते. पुढें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें शिक्षण संपवून १९२४ मध्यें त्या इटलींत गेल्या, आणि संगमरवर कोरण्याची विद्या शिकल्या. त्या काळीं बहुतेक शिल्पकार मातीचा नमुना करीत, व कारागीर तो दगडांत उतरीत. बाईंनीं मात्र हातोडा व छिन्नी स्वतःच्याच हातीं धरली. प्रत्येक दगडाचा व लांकडाचा स्वभाव निराळा असतो, आणि तो हातांनाच कळतो, ही त्यांची श्रद्धा होती. १९३२ च्या सुमारास त्यांनीं एका शिल्पास आरपार छिद्र पाडलें. गुहेंत शिरावा तसा उजेड दगडाच्या पोटांत शिरला, आणि मोकळी जागा हीही शिल्पाचाच भाग ठरली.

संसाराचा भार थोडा नव्हता. पॉल हा मुलगा होताच. १९३४ मध्यें तिळीं झालीं. ऑगस्ट १९३९ मध्यें, महायुद्धाच्या तोंडावर, हें कुटुंब कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज ह्या समुद्रकांठच्या गांवीं आलें. दिवस मुलांच्या संगोपनांत जाई. मोठें शिल्प घडविण्यास ना सवड, ना साधनें. तेव्हां रात्रीं त्या चित्रें काढीत बसत. हात थांबूं द्यावयाचा नाहीं, हा त्यांचा निर्धार होता. १९४६ मध्यें त्यांनीं एल्म वृक्षाच्या लांकडांत ‘पेलागोस’ हें शिल्प घडविलें. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ समुद्र. वळणदार लाटेसारख्या त्या आकाराच्या आंत दोरे ताणलेले आहेत. सागर, वारा व डोंगर ह्यांच्याशीं आपणांस जोडणारी ओढ त्यांतून त्यांस दाखवावयाची होती.

१९५३ मध्यें वैमानिक झालेला पॉल विमान कोसळून मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ त्या मातेनें १९५४ मध्यें बाल येशू व माता मरिया ह्यांची मूर्ति कोरून गांवच्या चर्चला दिली. दुःखाच्या वेळींही छिन्नीच त्यांच्या कामीं आली.

संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड हे त्यांच्या कलेचे चाहते होते. १९६१ मध्यें ते विमान-अपघातांत निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ बाईंनीं केलेलें २१ फूट उंचीचें ‘सिंगल फॉर्म’ हें ब्रॉंझचें शिल्प १९६४ पासून न्यूयॉर्क येथील राष्ट्रसंघाच्या इमारतीसमोर उभें आहे.

२० मे १९७५ रोजीं राहत्या कार्यशाळेस लागलेल्या आगींत बाईंचा अंत झाला. पुढच्याच वर्षीं त्या वास्तूचें संग्रहालय झालें. बागेंतील शिल्पें झाडांच्या सावलींत, वाऱ्यापावसांत आजही उभीं आहेत.

सवड मिळाली म्हणजे काम करूं, असें म्हणणाऱ्यांची सवड बहुधा येतच नाहीं. बाईंनीं तिची वाट पाहिली नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत धरावें, आणि शाळेच्या वाटेवरील दगडाकडे एकदां तरी थांबून पाहावें, इतकीच आमची इच्छा आहे.